सुगीत गेलेले कान

४ जानेवारी १९७१, सोमवार

मी सांगते, हे लिहितात. मला अक्षर येत नाही, ह्यांना बोलणं येत नाही — जोडी बरी जमली! भिंगारला लष्कराच्या गोदामात सारा जन्म नोकरी केली. घरी यायचे ते सणाला, पाहुण्यासारखे. आता पेन्शनीत आले तर दिवसभर गप्प. पारावर बसायचं, घरी यायचं, जेवायचं. नर्सबाई म्हणाली, "बाबांच्या हाताला लिहायची सवय, आजींच्या तोंडाला बोलायची. रोज थोडं सांगा, थोडं लिहा. औषध समजा." मी विचारलं, औषध कुणाला? "दोघांना," म्हणे.

तर आम्ही ज्वारी राखायच्या माळ्यावर चढून बसलोय. हे दोन ओळी लिहितात, मग उठून गोफण फिरवतात. पाखरं पण वाट बघत बसतात, ओळ कधी सुरू होते त्याची!

मी "हाय" म्हणते, हे "आहे" लिहितात. लिहू द्या. एवढी वर्षं सरकारचं मीठ खाल्लंय.

५ जानेवारी

नर्सबाईचं राहिलंच की. रूथबाई तिचं नाव. श्रीरामपूरकडची, ख्रिस्ती. पांढरं लुगडं, काळी छत्री, आवाज असा की चार घरं सोडून म्हैस वळून बघते. काल आली, वहाणा दारात काढल्या, पाणी मागितलं, चहा मागितला, चहात गूळ कमी पडला तेही सांगितलं. मग सुनेची नाडी बघायची सोडून मलाच विचारते, "आजी, ह्या घरात जेवायला कोण कुठं बसतं?"

मी म्हटलं, "ताटासमोर बसत्यात. तुमच्यात कसं?"

हसली. पण सोडलं नाही. पुरुष आधी जेवतात का, सून कधी जेवते, तिच्याबरोबर कोण बसतं, दुपारी ती पाठ टेकते का. मला राग आला. स्वतःला एक लेकरू नाही आणि आली मला घर शिकवायला! असं मी तोंडावर म्हटलं नाही. चहाचा दुसरा कप मात्र दिला नाही.

तिनं मागून घेतला.

६ जानेवारी

सुनेचं लिहा. विजयमाला. सातवी शिकलेली, गाणारी, भांडी घासताना पण गुणगुणायची. माहेरी बाळंतीण झाली, सव्वा महिन्यानं लेक घेऊन आली — पण आली ती दुसरीच कुणी. भिंतीकडं बघत बसते. राही रडते, ती जवळच असते, पण ऐकू गेल्यासारखं दिसत नाही. मी पोर नेऊन मांडीवर टाकते, मग पाजते. दूध कमी. पोर वाळत चाललीय. डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शेक दिला. लाडू मुंग्यांनी खाल्ले.

८ जानेवारी

आज नर्सबाई संध्याकाळी मुद्दाम आली, गहिनीनाथ घरी असताना. आमचा एकुलता एक. नांगर धरतो तेव्हा वाघ, बायामाणसांसमोर उभा केला की मांजर. तिनं त्याला समोर बसवलं.

"पोरगी हातात कधी घेतली होतीस?"

हा जमिनीकडं बघतो. "न्हाई घेतली."

"का रे?"

"आई असती, बाबा असत्यात की घरात."

तिनं आमच्याकडं बघितलं. मी म्हटलं, ही रीतच आहे. बापानं आईबापासमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही. भावाचं उचलील, शेजाऱ्याचं खांद्यावर घेऊन हिंडेल — स्वतःचं नाही. आणि मोठ्या माणसांसमोर नवरा-बायकोनं बोलायचंही नाही. घर दोन खणाचं. समोर नाही म्हणजे कुठं?

"मग दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

"मी बोलते की!"

"काय बोलता?"

पाणी आण. भाकरी टाक. पोरगी रडतीय. एवढं आठवलं, पण सांगितलं नाही.

मग ती जे बोलली ते ह्यांना नीट लिहायला सांगतेय. म्हणाली, बाळंतपणात अंग उतरतं तसं काही जणींचं मनही उतरतं. ताप येतो तसंच ते येतं. बाहेरचं काही नाही, नाटक नाही, तिचा दोष नाही. नवऱ्यानं पोरगी घ्यावी, दोन शब्द बोलावेत, हिला सलग झोप मिळावी, जेवायला कुणाची तरी सोबत असावी. आणि ही जेवायची बंद झाली, झोपायची बंद झाली किंवा काही वेडंवाकडं बोलली, तर त्याच दिवशी मला निरोप. दुसऱ्या दिवशी नाही — त्याच दिवशी.

जाताना चहाला नको म्हणाली. तेव्हा मला भीती वाटली.

९ जानेवारी

आमच्या गल्लीतल्या दगडाबाईची थोरली सून अशीच बसायची. भिंतीकडं बघत. आम्ही सगळ्या म्हणायचो, आळशी आहे. मग एक दिवस आडावर —

हे थांबले लिहायचे. राहू द्या. मी पण थांबते.

११ जानेवारी

उपाय सापडला! दिवेलागणीला मी मारुतीच्या देवळात जाऊन बसायचं, हे पारावर. घर मोकळं. दोघांनी बोलावं, पोरगी घ्यावी. काल जाऊन बसले. लई थंडी. मारुती दगडाचा म्हणून बरा.

१३ जानेवारी

उपायाचा खेळखंडोबा!

आज देवळात आमच्या गल्लीतली बनुबाई शेजारी येऊन बसली. गाल फुगवून म्हणाली, "काय गं छबू, सुनंनं भायेर काढली व्हय?"

"मला कोन काढतंय! देवाला आले."

"उभ्या जल्मात आली न्हाईस कदी, आन आता रोज? डोळं लाल दिसत्यात तुजं."

"थंडीनं!"

"व्हय व्हय. माजी सून बी आशीच थंडी हाय."

तासाभरात गावभर झालं. गहिनीनाथ धावत आला, तोंड काळवंडलेलं. "आई, चल घरी. लोकं काय म्हंत्यात!" मला हाताला धरून नेलं. दारात विजयमाला उभी. तिलाही कळलं होतं. आधीच भिंत झालेली पोर, तिच्यावर आणखी हे. जेवली नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

विजयमालानं तीळ भाजायला ठेवले आणि विसरली. कोळसा झाला. मी तसलेच गुळात वळले, खाल्ले, म्हटलं, खमंग आहेत! ह्यांनी पण खाल्ले. लष्करात ह्याहून वाईट खाल्लंय म्हणतात.

१६ जानेवारी

डोक्यात आलंय! घराबाहेर जायचं नाही, पण घरात असून नसायचं.

मी बहिरी होणार.

सर्दी झालीच आहे. कानात वारं गेलं म्हणून सांगायचं. आणि डोळ्याला दिव्याचा उजेड टोचतो म्हणून संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून धान्य निवडत बसायचं. ऐकू येत नाही, दिसत नाही — मग लाज कुणाची? हे ओट्यावर पाठ करून बसतील. पाठ करून बसायची ह्यांना सवय आहे.

हे हसले! पेन्शनीत आल्यापासून पहिल्यांदा. पेन्सिल माळ्यावरून ज्वारीत पडली. खाली उतरून शोधली, तोवर पाखरांनी जेवण उरकलं.

१८ जानेवारी

सोंग चालू. सकाळी गहिनीनाथनं विचारलं, "आई, भाकर झाली का?" मी म्हटलं, "चाकर? आपल्याकडं कुठला चाकर?" तो घाबरला. विजयमालानं मान वर करून बघितलं. कितीतरी दिवसांनी कशाकडं तरी बघितलं!

दुपारी घोरते सुद्धा, सोंग पक्कं व्हावं म्हणून. हे म्हणतात, त्याला सोंग म्हणत नाहीत, ते खरंच आहे.

१९ जानेवारी

बहिरेपण लई सुखाचं आहे. आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

२० जानेवारी

इतकंही सुखाचं नाही. बनुबाई आता कानाला तोंड लावून ओरडते. अशानं खरंच जातील कान.

२१ जानेवारी, गुरुवार

आज झालं!

मी भिंतीकडं तोंड करून मटकी निवडत होते. खडे नव्हतेच, तरी निवडत होते. मागं गहिनीनाथ येऊन बसला. मग हळू म्हणाला, "आन हिकडं."

बांगड्या वाजल्या. मग त्याचाच आवाज — "आशी धरू? मान पडती का गं?"

"हात खाली घाला. हां."

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मग हा म्हणतो, "लई हलकी हाय गं." आणि ती काय म्हणाली असेल? "वजन बापाच्या अकलंवर गेलंय."

मी पदर तोंडात कोंबला. मटकी सांडली. हा दचकला. मी तशीच भिंतीला म्हटलं, "उंदीर लई झाल्यात!"

ओट्यावर हे विचारतात, काय झालं? मी सांगितलं, तुमच्या पोरानं तुमची नात उचलली. ह्यांनी हात धोतराला पुसले, उगीचच.

२४ जानेवारी

नर्सबाई आली. तिला गोठ्यामागं नेऊन सगळं सांगितलं. अशी हसली की म्हशीचं दावं धरून उभी राहिली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आजी, हे औषध माझ्या पेटीत नव्हतं."

तिच्या पेटीत काय आहे ते मी आता बघतेय. आमच्याकडं आली की बनुबाईच्या घरीही डोकावते. तिच्या नातवाला, आसारामला, आठनऊ वर्षांची उमर पण अंथरूण ओलं व्हायचं. आई ती चादर अंगणात वाळत घालून गावाला दाखवायची. नर्सबाईनं चादर मागच्या दारी वाळत घालायला लावली, संध्याकाळचं पाणी कमी करायला सांगितलं, आणि पोराला म्हणाली, तुझा काही गुन्हा नाही. आसाराम आता मान वर करून चालतो. नव्या लग्नाच्या पोरीला एकीकडं बसवून काय सांगते देव जाणे, पोरगी लाजत येते पण हलकी होऊन येते. बनुबाईला सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, रोज ओढ्यापर्यंत चाला, आणि सुनेला बरोबर न्या. बनुबाई म्हणाली, सुनंबरूबर चालण्यापरीस गुडघं दुखल्यालं बरं! तरी जाते. परवा दोघी हसत परत आल्या.

पाळण्यातल्यापासून काठी टेकलेल्यापर्यंत, सगळ्यांना तिच्याकडं काहीतरी आहे. फक्त गाणं म्हणू नये तिनं. राहीला अंगाई म्हटली तर पोर रडायला लागली.

२७ जानेवारी

लिहा. एक शब्द सोडू नका.

संध्याकाळी मी भिंतीकडं. गहिनीनाथच्या मांडीवर राही. विजयमाला म्हणाली — आवाज मोठाही नाही, बारीकही नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा — "आडावर पाण्याला गेलं ना, की खाली बगावं वाटतं. खाली लई गप असतं. राही घरी हाय म्हनून परत येते."



मी सूप खाली ठेवलं. वळायचं होतं. तिला पोटाशी धरायचं होतं. पण मी बहिरी! मला ऐकू आलं कसं म्हणून सांगू? तिनं मनातलं जे नवऱ्याला सांगितलं ते सासूनं ऐकलं हे कळलं तर पुन्हा तोंड उघडेल का?

उठले, घागर उचलली, मोठ्यानं म्हटलं, "नर्सबाईनं मला चालाया सांगितलंय! आजपास्नं पानी मी आननार! कुनी मधी पडू नगा!" आणि ओट्यावर येऊन ह्यांच्या कानात सांगितलं.

ह्यांनी वहाणा घातल्या. जो माणूस दुकानदाराला "मीठ द्या" म्हणायला लाजतो, तो तीन मैल दवाखान्यात गेला, नर्सबाईच्या खोलीचं दार वाजवलं आणि बोलला. सगळं बोलला. तिनं मला नंतर सांगितलं, "आजी, बाबा एका दमात बोलले."

त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही.

२८ जानेवारी

नर्सबाई रात्रीच ह्यांच्याबरोबर आली. दार लावून विजयमालाजवळ बसली. बाहेर फक्त रडण्याचा आवाज. तिचं रडणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं, नुसती भिंत होती ना. नर्सबाईचा आवाज अजिबात नाही. त्या बाईला गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

सकाळच्या एस्टीनं तिला आणि राहीला घेऊन श्रीरामपूरच्या डॉक्टरकडं गेली. गहिनीनाथही गेला. गल्ली गोळा झाली. काय झालं, काय झालं? नर्सबाई छत्री उघडून सगळ्यांना ओरडून म्हणाली, "रक्त कमी आहे. बाळंतिणीला नीट खाऊ घाला तुमच्या तुमच्या घरच्या!" आणि बसली गाडीत.

खोटं बोलली आमच्या घरासाठी. रविवारी तिच्या येशूच्या देवळात जाऊन काय सांगणार आहे कोण जाणे.

३० जानेवारी

घरात कुणी नाही. आज ऐकायलाच काही नाही.

३ फेब्रुवारी

आली! गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. एकटी सोडायची नाही, जागवायची नाही, बोल लावायचा नाही. बरी होईल, पण हळू, घाई करायची नाही.

नर्सबाई तिकडं सगळे दिवस तिच्या उशाशी होती म्हणे. रजा टाकून. गहिनीनाथ सांगत होता — मला नाही, मी बहिरी. बापाला सांगत होता. बापाशी एवढं बोलला! हे ऐकत होते आणि एकदा तर म्हणाले, "मग?"

"मग?" — हे असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

राहीला काट्याला झोळीत टांगून नर्सबाईनं वजन केलं. वाढलं! विजयमालानं काटा स्वतः वाकून वाचला. दुपारी मी आणि ती एका ताटात जेवलो. काय बोलायचं सुचेना, म्हणून मी तिला बहिऱ्या बायकांसारखं ओरडून सांगितलं, "भाकरी चांगली झालीय!" ती पण ओरडून म्हणाली, "तुमीच केलीया!"

१२ फेब्रुवारी

चहा ठेवलेला. नर्सबाईनं पहिल्याच कपात मान डोलावली. मी तिच्यासाठी गुळाचा वेगळा डबा केलाय हे तिला सांगू नये. डोक्यावर बसेल.

खरं सांगायचं तर बसलीच आहे. बसू द्या.

१५ फेब्रुवारी

आज भर उजेडात, अंगणात, गहिनीनाथनं राहीला घेतलं. मी दारात. माझी नजर त्याच्यावर पडली, त्याची माझ्यावर. वाटलं, आता ठेवील खाली.

नाही ठेवली. कान लाल झाले पण पोरगी तशीच.

मी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला.

हे ओट्यावरून बघत होते. पाठ करून बसायचं विसरले.

१८ फेब्रुवारी

ज्वारी काढणीला आली, माळा मोडला. आता गोठ्यामागं बसून लिहितोय. नर्सबाई म्हणते, "आजी, आता कान उघडा. काम झालं." मी म्हटलं, कसे उघडू? आधी कळेल की सगळं ऐकत होते. मग तिला आडाचं आठवेल. तिचं तेवढं एक मी चोरून ऐकलं, ते तिला कळू नये. मरेपर्यंत बहिरी राहिले तरी चालेल.

"फार कठीण जाईल तुम्हाला," म्हणाली.

कठीण कसलं? फक्त बनुबाईचं ओरडणं सोसायचं.

२१ फेब्रुवारी, रविवार

आज अक्षर वेगळं आहे. मी विजयमाला. मामांचे हात मोकळे नाहीत. राही त्यांच्या मांडीवर आहे, त्यांनी आज स्वतःहून मागून घेतली आणि आता कुणाला द्यायला तयार नाहीत. आत्याबाईंनी वही माझ्यापुढं टाकली, लिही म्हणाल्या, आज तारीख तरी पडू दे.

मागचं पान मी उलटलेलं नाही. पण एवढं माझ्या मनानं लिहिते. बहिरं माणूस दुपारी घोरत असलं आणि पोर कुरकुरली, तर त्याचं घोरणं थांबत नाही. आत्याबाईंचं थांबायचं. आम्हा दोघांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आडाचं मी ह्यांना सांगत नव्हते. आत्याबाईंना सांगत होते. तोंडावर सांगता आलं नसतं.

त्या विचारतायत, एवढा वेळ काय लिहितीस गं?

"तारीख," मी अगदी हळू म्हणाले.

"बरं," म्हणाल्या.